गावखडीच्या पुळणीवरचे चार मिनिटांचे ऊन कॅमेऱ्यात का उतरले नाही?

मुचकुंदीकाठ:

नमस्कार. मी मूळचा पावस परिसरातला असून नोकरीनिमित्त पुण्यात राहतो आणि गेली तीन वर्षे हौस म्हणून निसर्गदृश्यांची छायाचित्रे काढतो. गेल्या रविवारी गावखडीच्या पुळणीवर जे घडले त्याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

दिवसभर मळभ होते आणि पाऊस अधूनमधून शिंतडत होता. सव्वासहाच्या सुमारास पश्चिमेला क्षितिजालगत ढगांची कड उचलली गेली आणि त्या फटीतून सूर्य खाली उतरला. खाडीपलीकडची पूर्णगडाची टेकडी एकाएकी तांब्याच्या भांड्यासारखी उजळली. तिच्यामागचे ढग पाटीसारखे निळे-काळे होते आणि ओल्या पुळणीवर या सगळ्याचे प्रतिबिंब पडले होते. हे सारे चार मिनिटे टिकले असेल. मी चाळीसेक छायाचित्रे काढली आणि घरी येऊन पाहतो तो त्यांतले एकही मी डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्याच्या जवळ जाणारे नाही.

पहिली अडीच मिनिटे मी सूर्याकडेच कॅमेरा रोखून होतो. त्या छायाचित्रांत सूर्याच्या जागी पांढरे भोक आणि खाली काळी पट्टी एवढेच उरले आहे. नंतर टेकडीकडे वळलो, परंतु त्या छायाचित्रांत टेकडी फिकट पिवळसर दिसते, ढग राखाडी झाले आहेत आणि आकाशाचा एक भाग विनाकारण गडद आला आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, लेन्स २४-७० होती आणि ती मी बहुतेक वेळ २४ वरच ठेवली होती. अपर्चर (लेन्सचे छिद्र) अगदी बारीक म्हणजे एफ/२२, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ऑटो, मीटरिंग संपूर्ण चौकटीचे आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर), अशी मांडणी होती. छायाचित्रे रॉमध्येही, म्हणजे प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमध्येही आहेत.

दोष कॅमेऱ्याचा आहे, माझा आहे, की असा उजेड मुळात पकडताच येत नाही? नवीन फिल्टर घ्यावेत का, असाही प्रश्न मनात आहे.

कातळसडा:

कॅमेऱ्याचा दोष नाही. आपण दिलेल्या तपशिलातच बहुतेक उत्तरे आहेत, म्हणून एकेक घेतो.

सर्वांत मोठा घोटाळा मीटरिंगचा झाला आहे. कॅमेऱ्याला ढग काळे आहेत की पांढरे हे ठाऊक नसते, तो समोरचे सगळे मिळून मध्यम राखाडी मानतो. आपल्या चौकटीचा मोठा भाग पाटीसारख्या गडद ढगांनी व्यापलेला होता. कॅमेऱ्याला वाटले की दृश्य फार अंधारे आहे, म्हणून त्याने एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, वाढवले. त्यामुळे ढग राखाडी झाले आणि उजळलेली टेकडी करपली. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक ते उणे दीड स्टॉपवर (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा) नेऊन टेकडीवरचे ऊन जपायचे आणि ढगांना काळे राहू द्यायचे. नाट्य त्या काळेपणातच असते. आपण डोळ्यांनी जे पाहिलेत ते टेकडीचे तेज एकट्याचे नव्हते, ते तेज आणि ढगांचा अंधार यांतला फरक होता. कॅमेऱ्याने तो फरकच पुसून टाकला.

याच्याच पोटातली एक गोष्ट पुस्तकी सल्ल्यांत सहसा येत नाही. मावळतीच्या उन्हात निळा प्रकाश फारच थोडा उरलेला असतो, कारण तिरप्या मार्गाने हवेतून येताना तो वाटेतच विखुरला जातो. शिवाय आपल्याकडचा जांभा लोहाच्या ऑक्साइडमुळे मुळातच तांबडा. तांबड्या दगडावर तांबडे ऊन पडले की छायाचित्रातली लाल वाहिनी (लाल रंगाची नोंद) हिरव्या-निळ्या दोघींच्या किती तरी आधी भरून वाहू लागते. ढोबळ हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा वाटला गेला याचा आलेख) सगळे ठीक असल्याचे सांगत राहतो आणि टेकडीवरचा पोत मात्र गेलेला असतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवण्याची सोय सुरू करा आणि लाल रंगाच्या उजव्या कडेकडे पाहून एक्स्पोजर ठरवा.

ऑटो व्हाइट बॅलन्सला रंगाची झाक दिसली की ती काढून टाकायची खोड असते आणि आपल्याला नेमकी तीच झाक हवी होती. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवून द्या. रॉ फाइल असल्यामुळे आपल्या जुन्या छायाचित्रांतही हे आज सुधारता येईल. संगणकावर बसून एकदा करून पाहा, ढग पुन्हा निळसर झालेले दिसतील.

पोलरायझरबद्दल मात्र मी जरा कठोर बोलणार आहे. त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशावर सर्वाधिक होतो. पुळणीवरून उत्तरेला टेकडीकडे पाहताना सूर्य बरोबर डाव्या हाताला येतो. २४ मिमीची चौकट इतकी रुंद असते की तिच्या एका भागात परिणाम पूर्ण आणि दुसऱ्यात जवळजवळ शून्य असतो. तो ‘विनाकारण गडद’ पट्टा त्यातूनच आला. शिवाय पोलरायझर ओल्या वाळूवरची चकाकी पुसतो, म्हणजे ज्या प्रतिबिंबासाठी आपण तिथे उभे होतात तेच त्याने कमी केले असणार. त्याच्यापायी दीड-दोन स्टॉप उजेडही गेला. भर दुपारी ओल्या पानांची चमक मारायला तो उत्तम आहे, पण मावळतीला पुळणीवर तो पिशवीतच राहू द्या.

एफ/२२ वर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळेच थोडे मऊ होते. एफ/८ ते एफ/११ पुरेसे आहे. सूर्याचे टोकदार किरण हवे असतील तेव्हा तेवढ्या एका छायाचित्रापुरते एफ/१६ वर जावे.

बंदरावरचा:

वरच्या प्रतिसादातले तांत्रिक मुद्दे योग्य आहेत. परंतु प्रश्नकर्त्याने स्वतःच लिहिलेले एक वाक्य त्यात निसटले आहे: ‘पहिली अडीच मिनिटे मी सूर्याकडेच कॅमेरा रोखून होतो.’ चारपैकी अडीच मिनिटे चुकीच्या दिशेला गेली असतील, तर उरलेल्या दीड मिनिटात कोणत्याही सेटिंगने फारसे साधले नसते.

कोकणपट्टी पश्चिमेकडे तोंड करून बसली आहे, त्यामुळे संध्याकाळी किनाऱ्यावर आलेला प्रत्येक माणूस समुद्राकडे पाहतो. मीही वीस वर्षे तेच केले. परंतु पावसाळ्याच्या शेवटी आणि वळवाच्या दिवसांत खरे नाटक बहुधा पाठीमागे घडते. पश्चिमेला फट आणि पूर्वेला सह्याद्रीवर काळेभोर ढग अशी स्थिती आली की सूर्य हा दिवा होतो आणि पूर्व हा रंगमंच. दिव्याकडे टक लावून कोणी नाटक पाहत नाही. पूर्वेला सर पडत असेल तर इंद्रधनुष्यही तिकडेच उमटते, कारण ते सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांच्या वर्तुळावर असते. सूर्य जितका खाली तितकी ती कमान उंच, आणि मावळतीला ती जवळजवळ अर्धवर्तुळ होते. (इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असल्यामुळे पोलरायझर एका बाजूला फिरवला तर ते ठळक होते आणि दुसऱ्या बाजूला फिरवला तर चक्क नाहीसे होते. एका मित्राने आरे-वारेच्या चढावर अख्खे धनुष्य असे घालवले आणि वर ‘ढगात गेले वाटते’ असे मलाच सांगितले.)

दुसरा मुद्दा वेळेचा. ‘गोल्डन अवर’ हा शब्द उत्तरेकडच्या देशांतून आला आहे आणि तिथे तो खराही आहे. लंडनच्या अक्षांशावर जून महिन्यात सूर्य क्षितिजापासून ६ अंशांवर आल्यापासून मावळेपर्यंत पाऊण तासाहून अधिक वेळ जातो, कारण तिथे तो फार तिरपा उतरतो. आपण साधारण १७ अंश उत्तरेला आहोत. इथे सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली येतो आणि त्याच ६ अंशांना जेमतेम अर्धा तास लागतो. मावळल्यानंतरचा वापरण्याजोगा संधिप्रकाशही वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. त्यामुळे परदेशी लेखांतला ‘एक तास आधी पोहोचा’ हा सल्ला इथे ‘एक तास आधी ट्रायपॉड उभा करून चौकट ठरवून ठेवा’ असा वाचावा.

मात्र एवढ्यावर आवराआवर करू नका. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर घाटावर मोठाले गडगडाटी ढग चढतात. अशा ढगाचा माथा १२ किलोमीटर उंचीवर असेल, तर किनाऱ्यावर सूर्य मावळल्यानंतरही त्याच्यावर साधारण पाव तास ऊन असते. खाली खाडीवर निळसर अंधार पडलेला असतो आणि वर तो माथा आधी केशरी, मग गुलाबी आणि शेवटी विझल्या निखाऱ्यासारखा होत जातो. तोवर किनाऱ्यावरचे निम्मे लोक भेळ संपवून गाडीत बसलेले असतात.

फट पडणार की नाही याचा अंदाज थोडाफार बांधता येतो. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची ताजी चित्रे असतात. दुपारी चारला आणि पुन्हा पाचला ती पाहावीत. किनाऱ्यावर ढग, परंतु पश्चिमेला समुद्रावर शे-दोनशे किलोमीटरनंतर मोकळे असे दिसले, तर मावळतीचे ऊन ढगांच्या पोटाखालून आत शिरण्याची आशा असते. किनाऱ्यावर स्वच्छ आणि दूर समुद्रावर ढगांची भिंत असेल, तर आकाश निळे असूनही सूर्य शेवटची दहा मिनिटे राखेत बुडतो. हा अंदाज दहांपैकी चार-पाच वेळा चुकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

असा उजेड पकडताच येत नाही का, असे आपण विचारले आहे. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याजवळून जात असताना त्यांना चंद्रोदय आणि मावळत्या उन्हात चमकणारे दफनभूमीतले पांढरे क्रूस एकत्र दिसले. ते दृश्य १ नोव्हेंबर १९४१ चे होते, असे पुढे खगोलगणिताने निश्चित झाले. घाईत त्यांना लाइटमीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना आकड्यांत पाठ होती, म्हणून तिच्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले आणि एक छायाचित्र घेतले. दुसऱ्या छायाचित्राची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. त्यांच्या हाती आपल्या चाळिसांऐवजी एकच फिल्म लागली, परंतु तिच्यामागची आकडेमोड आधीच डोक्यात तयार होती.

मुचकुंदीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री एक रॉ फाइल ५३०० केल्विनवर ठेवली आणि एक्स्पोजर सव्वा स्टॉप खाली आणले. ढग खरोखरच परत आले. टेकडीच्या माथ्याकडची लाल वाहिनी मात्र कायमची गेलेली आहे, तिथे नुसता सपाट नारिंगी डाग उरला आहे.

आता दोन शंका आहेत. ढग वर काळे, पुळण खाली अंधारी आणि मध्ये उजळलेली टेकडी अशा दृश्याला ग्रॅज्युएटेड फिल्टर (अर्धा गडद, अर्धा स्वच्छ) उपयोगी पडेल का, की वेगवेगळ्या एक्स्पोजरची तीन छायाचित्रे घेऊन ती जोडावीत? दुसरे असे की त्या दिवशी ओल्या पुळणीचा आरसा मिळाला तो निव्वळ योगायोग होता. तो पुन्हा कधी मिळेल हे ठरवता येते का?

पाऊणपट:

पुळणीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण आमच्या घरी तीन पिढ्या होड्या आहेत आणि कॅमेरा फक्त माझ्याकडे आहे.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळाआधीपासून एक हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब ढोबळ आहे, बंदरागणिक थोडा फरक पडतो आणि पक्के आकडे हवे असतील तर छापील भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. परंतु महिनाभराचा बेत आखायला तिथी पुरते.

आता हे छायाचित्रणाला लावून पाहा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळपास उधाण असते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांतली ओहोटी नेमकी संध्याकाळी साडेपाच-सहाला येते. म्हणजे मावळतीला पुळण दूरवर उघडी पडलेली, ओली आणि सपाट असते. आपल्याला हवा तो आरसा हाच. लाट परतली की वाळूवर पाण्याचा पातळ थर चार-पाच सेकंद काचेसारखा राहतो, मग पाणी झिरपते आणि वाळू मळकट दिसू लागते. ट्रायपॉड गुडघ्याच्याही खाली आणा, लाट मागे फिरेपर्यंत थांबा आणि मगच शटर दाबा. लाटेच्या परतण्याच्या रेषा हव्या असतील तर अर्धा सेकंद ते एक सेकंद ठेवा. तिचे तुषार हवे असतील तर सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शाहून वेगवान शटर ठेवा. या दोहोंच्या मधले शटर बहुतेक वेळा नुसते हललेले छायाचित्र देते.

उलट खडकावर फुटणाऱ्या लाटा मावळतीच्या उजेडात हव्या असतील तर पंचाईत आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी सहाला भरती येते ती अष्टमी-नवमीच्या सुमारास, आणि तेव्हा भांग असतो, म्हणजे भरतीला जोरच नसतो. हेदवीच्या बामणघळीत पाणी उंच उसळते ते उधाणाच्या भरतीला, ती येते दुपारी किंवा मध्यरात्री. सोनेरी उन्हात उसळलेली बामणघळ हवी असणाऱ्याला तिथीच आडवी येते. एकादशी-द्वादशीला भरती उशिरा असल्यामुळे मावळतीला पाणी चढते असते, आणि मला जे काही थोडेफार मिळाले ते त्या दिवसांत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे भांगातही पाणी उसळते, परंतु तेव्हा त्या कातळावर जाऊ नये. मी गेलो होतो. सात-आठ लाटा पावलांपर्यंत येऊन गेल्या, नववी कमरेपर्यंत आली. ट्रायपॉड गेला, चप्पल गेली आणि मी शेवाळावरून घसरत मागे आलो. माझ्या वडिलांनी त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते.

कातळसडा:

पाऊणपट यांचा प्रतिसाद मी छापून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवणार आहे.

फिल्टरच्या प्रश्नावर माझे मत असे की ग्रॅज्युएटेड फिल्टर तिथे कामाचा, जिथे क्षितिज सरळ आहे. उघड्या पुळणीवरून थेट समुद्राकडे पाहताना तीन स्टॉपचा, कडक सीमारेषेचा फिल्टर उत्तम बसतो. परंतु पूर्णगडाची टेकडी क्षितिजाच्या वर घुसलेली आहे. फिल्टरची गडद बाजू तिच्या नेमक्या उजळलेल्या माथ्यावर येईल आणि ज्याच्यासाठी धडपड चालली आहे तेच काळवंडेल. कोकणात डोंगराची पुढे आलेली सोंड नाही किंवा माडाचा शेंडा नाही अशी चौकट सापडणे कठीण, म्हणून मी फिल्टर विकून टाकले आणि उणे दोन, शून्य, अधिक दोन अशी तीन छायाचित्रे घेतो.

बंदरावरचा:

इथे मी सहमत नाही. तीन छायाचित्रे जोडताना लाट तिन्हींत वेगळ्या जागी असते, ढग सरकलेले असतात आणि वाऱ्यात सुरूच्या फांद्या तर स्थिर नसतातच. ते सांधे लपवण्यात रात्र जाते. शिवाय सावल्या उचलण्याचा मोह आवरत नाही आणि शेवटी पुळणीवरचा प्रत्येक खेकडा मोजता येईल असे छायाचित्र तयार होते. अंधाराला अंधार राहू द्यावा, असे आपणच वर लिहिले आहे. प्रश्नकर्त्याच्या दृश्यात ढग गडदच हवे होते आणि पुळणीला आकाशाचे प्रतिबिंब उजळवत होते. म्हणजे टेकडीसाठी एक्स्पोजर ठरवलेले एकच रॉ छायाचित्र पुरेसे होते. सूर्य थेट चौकटीत असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, तिथे तीन घ्यावीत.

जाता जाता संस्करणाबद्दल एक तक्रार. महाजालावर कोकणातली जी सूर्यास्ताची छायाचित्रे फिरतात त्यांतली निम्मी आमरसात बुडवून काढल्यासारखी दिसतात. मावळतीच्या रंगात केशरी असते तशीच करडी, जांभळट आणि कधी मळकट हिरवी छटाही असते, आणि या थंड छटा शेजारी असतात म्हणूनच केशरी पेटल्यासारखे दिसते. सगळीकडे एकच रंग वाढवला की पेटलेले काहीच उरत नाही.

ओली पुळण:

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, म्हणून थोडक्यात. पडद्यावर उजळ भागाला बोट लावून दाबून धरले की एक्स्पोजर तिथे बांधले जाते, मग बोट खाली सरकवून उजेड कमी करता येतो. एचडीआर (वेगवेगळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे आपोआप जोडण्याची सोय) चालू असेल तर तो बंद करून पाहावा, कारण काळे ढग उजळवून दाखवणे हेच त्याचे काम आहे.

सकाळबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून विचारते. कोकणात सकाळच्या उजेडात काही मिळते का? आमच्या किनाऱ्यावर तर आठ वाजेपर्यंत सावलीच असते.

कातळसडा:

सावली असते, कारण पुळण सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी आणि सूर्य सड्याच्या मागे. परंतु त्याच वेळी दूर समुद्रातल्या होड्यांवर ऊन पडलेले असते. निळसर सावलीतली वाळू पुढे आणि उन्हातली शिडे-झेंडे मागे, ही चौकट संध्याकाळी मिळणारच नाही. पौर्णिमेच्या पहाटे तर जरूर उठा. सूर्योदयाच्या थोडे आधी पश्चिमेला समुद्रावर करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा दिसतो. ती पृथ्वीची स्वतःची सावली असते. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो आणि त्या दोहोंतून चंद्र समुद्रात उतरत असतो. सौम्य उजेड असल्यामुळे चंद्र आणि पाणी दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात, रात्रीसारखी ओढाताण होत नाही.

किनारा सोडून सड्यावर यायची तयारी असेल, तर तिरप्या उजेडाचा सर्वांत चांगला धडा कातळशिल्पांवर, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेल्या जुन्या आकृतींवर, मिळतो. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे ही नावे आपण ऐकली असतील. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला. भर दुपारी माणूस त्या कातळावर उभा राहून ‘कुठे आहे चित्र?’ असे विचारतो. ऊन कलले की कोरलेल्या खाचेच्या एका काठावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली पडते आणि आकृती जमिनीतून वर येते. तिथे अर्धा तास नुसते बसून पाहा, कॅमेरा नंतर काढा. खाचा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत पाणी किंवा खडू भरू नये आणि आकृतीवर पाय देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

पाऊणपट:

एक राहिले. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्याच्या दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरते आणि ते पुसून जात नाही, पुन्हा धरते. चार मिनिटांच्या उजेडातली चारही त्यात जातील. पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर आणावी. समोरच्या काचेवर समुद्राच्या वाऱ्याने मिठाचा थर बसतो, तो सूर्याकडे रोखल्यावरच धुक्यासारखा दिसतो. कोरड्या फडक्याने घासला तर ओरखडे पडतील, आधी ओलसर आणि मग कोरडे कापड वापरावे. घरी गेल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवावेत.

मुचकुंदीकाठ:

कोजागिरीला गावी जाऊन आलो, म्हणून कळवतो.

तिथी पाहून गेलो होतो. साडेपाचला पाणी इतके खाली गेले होते की पुळण ओळखू येईना. ट्रायपॉड गुडघ्याखाली, एफ/११, डेलाइट व्हाइट बॅलन्स, उणे सव्वा स्टॉप आणि पोलरायझर घरी. पश्चिमेला फट काही पडली नाही, सूर्य ढगातच मावळला आणि चार-पाच मंडळी ‘आज काही नाही’ म्हणत परत गेली. मीही पाय झाडू लागलो होतो. मावळल्यानंतर सहा-सात मिनिटांनी पूर्वेला घाटावरच्या ढगाचा वरचा तिसरा हिस्सा तेवढा गुलाबी झाला. खाली पूल, खाडी आणि गाव सगळे निळ्या सावलीत होते. लाट परतून पाण्याचा थर राही तेवढ्या काळात ढगाचे प्रतिबिंब माझ्या पायांपाशी येई आणि वाळूत जिरून जाई. अकरा छायाचित्रे घेतली. पहिल्या तिघांत माझीच पावले उमटलेली आहेत, चारांत लाट चुकली, दोघांत ट्रायपॉड वाळूत रुतल्यामुळे क्षितिज कलले. उरलेल्या दोघांतले एक इथे जोडतो आहे. लाल वाहिनीला कडेपर्यंत अजून थोडी जागा आहे.

चंद्र मात्र ढगामुळे आठनंतरच दिसला आणि तोवर घरून दूध आटल्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता.

बंदरावरचा:

पाहिले. ढग आणि पाणी दोन्ही छान आले आहेत. डाव्या कडेचा विजेचा खांब टाळायला आपल्याला दोन पावले उजवीकडे सरकावे लागले असते. तिथे जागा होती का?

मुचकुंदीकाठ:

होती. खांब दिसलाच नाही, मी पाण्याकडे पाहत होतो.